सेस्ना आणि पायपर आलटून-पालटून उडवताना: नवख्या खासगी वैमानिकासाठी मार्गदर्शन

अमेरिकेत खासगी वैमानिकाचे लायसन्स हातात पडल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतच बहुतेकांवर विमान बदलण्याची वेळ येते. ज्यावर शिक्षण झाले ते सेस्ना १७२ मेन्टेनन्सला गेलेले असते किंवा शनिवार-रविवारसाठी कोणीतरी आधीच घेतलेले असते, आणि रिकामे उभे असते ते पायपर आर्चर. पुण्याहून आई-बाबा आलेले असतात, त्यांना वरून गोल्डन गेट दाखवण्याचा शब्द दिलेला असतो, आणि क्लबच्या वेळापत्रकात फक्त आर्चरच्याच रकान्यात जागा दिसते. अशा वेळी हे विमान नेण्याची मुभा आपल्याला आहे का, आणि मुभा असली तरी ते आज आपल्या हाताला आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. नवखे वैमानिक सहसा पहिल्याचे उत्तर मिळवून थांबतात.

एक इंजिन असलेली, जमिनीवरून उडणारी लहान विमाने चालवण्याचे लायसन्स ज्यांच्याकडे आहे आणि जे दोन प्रकारची विमाने आलटून-पालटून उडवू पाहतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. यातील नियम अमेरिकेच्या एफएएचे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाचे, आहेत. उदाहरणासाठी सेस्ना १७२एस आणि पायपर आर्चर ही जोडी घेतली आहे, कारण ती भाड्याने जवळपास सगळीकडे मिळते आणि कागदावर कमालीची सारखी दिसते. दोन्हींना १८० अश्वशक्तीचे इंजिन, चार आसने आणि २,५५० पौंडांचे कमाल वजन आहे. या सारखेपणामुळेच माणूस बेसावध राहतो.

पहिली पायरी: कायदा काय मागतो आणि काय मागत नाही

फेडरल नियमावलीच्या ६१.५७ या कलमानुसार प्रवासी घेऊन उडायचे असेल, तर मागील ९० दिवसांत त्याच कॅटेगरीच्या आणि त्याच क्लासच्या (आपल्या बाबतीत, जमिनीवरून उडणाऱ्या एक इंजिनाच्या) विमानात, कंट्रोल्स स्वतः हाताळून, तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असली पाहिजेत. विमानाचा नेमका प्रकार या हिशेबात येतो तो फक्त त्या प्रकारासाठी टाइप रेटिंग (त्या मॉडेलची वेगळी परवानगी) लागत असेल तेव्हाच, म्हणजे कमाल टेकऑफ वजन १२,५०० पौंडांच्या वर असेल किंवा विमान टर्बोजेट असेल तेव्हा. आपल्या लहान विमानांना हे लागू होत नाही. त्यामुळे गेल्या महिन्यात १७२ वर तीन लँडिंग केलेला वैमानिक, आयुष्यात पूर्वी कधीही न पाहिलेल्या आर्चरमध्ये आज तीन प्रवासी बसवून निघाला, तरी तो ९० दिवसांच्या नियमात बसतो. हिशेब ९० दिवसांचा आहे, तीन महिन्यांचा नाही. तारखा मोजूनच खात्री करावी.

रात्रीसाठी हेच तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयाआधी एका तासापर्यंतच्या काळात झालेली असावी लागतात आणि प्रत्येक लँडिंगनंतर विमान पूर्ण थांबलेले असावे लागते. लॉगबुकात रात्रीचे उड्डाण म्हणून जो वेळ लिहिला जातो त्याची व्याख्या मात्र वेगळी आहे. तो संध्याकाळचा संधिप्रकाश संपल्यापासून पहाटेचा संधिप्रकाश सुरू होईपर्यंतचा. विमानाचे पोझिशन दिवे तर सूर्यास्तालाच लावावे लागतात. या तीन वेळांची गल्लत इतक्यांची होते की संध्याकाळी सराव करणाऱ्याने त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लॉगबुकातच टिपून ठेवणे चांगले.

टेलव्हील, म्हणजे तिसरे चाक नाकाऐवजी शेपटीखाली असलेल्या, विमानाचा हिशेब स्वतंत्र असतो. त्यातील तिन्ही लँडिंग दिवसाही पूर्ण थांबूनच करावी लागतात, आणि नोजव्हील विमानातील लँडिंग त्याच्या खात्यावर जमा होत नाहीत.

भारतात शिकून अमेरिकेत आलेल्यांना हे सगळे सैल वाटते. डीजीसीए या भारतीय नियामकाच्या लायसन्सवर विमानाचा प्रकार नोंदवून घ्यावा लागतो, त्यामुळे बारामतीला सेस्नावर किंवा गोंदियाला डायमंडवर शिकलेल्या वैमानिकाच्या मनात प्रत्येक प्रकाराची वेगळी परवानगी ही गोष्ट मुरलेली असते. अमेरिकेत तशी नोंद नाही हे कळल्यावर त्याला मोकळे वाटते. माझ्या मते ती जुनी शिस्त मनातल्या मनात चालू ठेवण्यातच शहाणपण आहे.

प्रकाराची नोंद नसली तरी काही गुणधर्मांसाठी इन्स्ट्रक्टरचे एन्डॉर्समेंट (लॉगबुकातली सहीची मान्यता) लागते, आणि ते एकदाच घ्यायचे असते. मागे घेता येणारी चाके, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे झुकणारे भाग) आणि पिच (पात्यांचा कोन) बदलता येणारा प्रोपेलर हे तिन्ही असतील तर कॉम्प्लेक्सचे. इंजिन २०० अश्वशक्तीहून अधिक असेल तर हाय परफॉर्मन्सचे. आणि टेलव्हीलचे वेगळे. येथे 'अधिक' हा शब्द काटेकोरपणे घ्यायचा असतो. पायपर ॲरोचे इंजिन बरोबर २०० अश्वशक्तीचे असल्याने ते कॉम्प्लेक्स ठरते, पण हाय परफॉर्मन्स ठरत नाही. सिरस एसआर२० च्या बाबतीत जुने विमान २०० अश्वशक्तीचे आहे, तर २०१७ पासूनचे २१५ अश्वशक्तीचे. म्हणजे एकाच नावाच्या दोन विमानांपैकी एकाला एन्डॉर्समेंट लागते आणि दुसऱ्याला लागत नाही. सेस्ना १८२ ची चाके स्थिर असतात, तरी इंजिन २३० अश्वशक्तीचे असल्याने तेथे ते लागतेच.

फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबरची सक्तीची उजळणी, दर २४ कॅलेंडर महिन्यांनी होतो. त्यात किमान एक तास जमिनीवरची चर्चा आणि किमान एक तास उड्डाण असते. ५ जून २०२४ ला झालेला रिव्ह्यू ३० जून २०२६ पर्यंत चालतो. तो १७२ मध्ये दिला तरी आर्चरसाठी ग्राह्य धरला जातो, म्हणून दोन विमाने उडवणाऱ्याने एका खेपेस एक आणि पुढच्या खेपेस दुसरे विमान निवडावे. एफएएच्या विंग्स या सराव-प्रशिक्षणाच्या कार्यक्रमाचा एक टप्पा पूर्ण केला तर वेगळा रिव्ह्यू द्यावा लागत नाही, आणि दोन विमानांत सराव विभागून करणाऱ्याला हा मार्ग अधिक सोयीचा पडतो.

कायद्याहून कडक असतो तो क्लबचा नियम, आणि त्याहून कडक विम्याचा. बहुतेक क्लब प्रत्येक प्रकारासाठी आपल्या इन्स्ट्रक्टरकडून चेकआउट (त्या विमानातली उड्डाण-तपासणी) मागतात आणि ठरावीक दिवसांत त्या प्रकारात उड्डाण झाले नसेल तर तो पुन्हा द्यायला लावतात. क्लबच्या विम्याने मुख्यतः क्लबचे हित सांभाळले जाते; भाड्याने विमान घेणाऱ्याने स्वतःचा वेगळा विमा घ्यावा आणि त्यात कोणती विमाने येतात ते लेखी विचारून घ्यावे. मित्राच्या खासगी विमानात तर आधी पॉलिसीत आपले नाव आहे का, आणि नसल्यास अनोळखी वैमानिकासाठी त्या विशिष्ट मॉडेलवर किती तासांची अट आहे, हे पाहिल्याशिवाय डाव्या आसनावर बसू नये.

दुसरी पायरी: प्रत्येक विमानाचे स्वतंत्र खाते उघडा

लॉगबुक तारखेच्या क्रमाने चालते. त्यामुळे आर्चरमध्ये शेवटचे क्रॉसविंड (आडव्या वाऱ्यातले) लँडिंग कधी केले, हे त्यातून चटकन सापडत नाही. एका वहीत किंवा तक्त्यात प्रत्येक विमानाचे पान करावे आणि त्यावर शेवटचे उड्डाण, शेवटचे रात्रीचे लँडिंग, शेवटचे गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर चढणे), पॉवर बंद ठेवून धावपट्टी गाठण्याचा शेवटचा सराव आणि शेवटचे क्रॉसविंड लँडिंग यांच्या तारखा लिहाव्यात. पान उघडले की कोणती तारीख शिळी झाली आहे ते दिसते, आणि पुढच्या उड्डाणात काय करायचे ते आपोआप ठरते.

पान करताना नावावर जाऊ नये. १९७० च्या दशकाच्या शेवटचे १७२एन आणि १९९८ नंतरचे १७२एस यांच्यात, माझ्या समजुतीने, वेगळे पान करण्याइतका फरक आहे. पहिल्याचे इंजिन १६० अश्वशक्तीचे आणि कार्ब्युरेटरचे, दुसऱ्याचे १८० अश्वशक्तीचे आणि फ्युएल इंजेक्शनचे. पहिल्यात कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून गरम हवा सोडण्याचा) नॉब असतो, दुसऱ्यात तो नसतोच. पहिल्याचे फ्लॅप ४० अंशांपर्यंत जातात, दुसऱ्याचे ३० अंशांवर थांबतात. त्याहून जुन्या १७२ मध्ये वेगमापक मैलांत असतो, नॉट्समध्ये नाही. नॉट्सची सवय असलेल्याने त्या विमानात काटा ६५ वर आणून फाइनलवर, म्हणजे धावपट्टीकडे येणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, निश्चिंत राहणे म्हणजे प्रत्यक्षात ५६ नॉट्सने येणे होय.

डायलचे पॅनेल आणि जी१००० या डिजिटल प्रणालीचा पडदा हाही असाच स्वतंत्र पानाचा विषय आहे. विमान तेच असले तरी डोळे वेग आणि उंची वेगळ्या जागी शोधतात, आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला लागणारा वेळ दुप्पट होतो.

तिसरी पायरी: मॅन्युअल वाचून फरकांचा कागद तयार करा

त्या विशिष्ट विमानाचे पायलट्स ऑपरेटिंग हँडबुक मिळवावे. इंटरनेटवर सापडलेले दुसऱ्या सालचे हँडबुक चालत नाही. ते मुखपृष्ठापासून वाचण्याआधी मर्यादा, आणीबाणीच्या कृती आणि यंत्रणांचे वर्णन ही तीन प्रकरणे वाचावीत. मग एका कागदाच्या दोन बाजूंना दोन विमाने मांडून फक्त फरक लिहावेत. दोन्हीकडे सारखे असलेले काहीही लिहू नये. कागद भरला की तो कोणी वाचत नाही. प्रत्येक फरकापुढे एक प्रश्न विचारावा: एका विमानातली सवय दुसऱ्यात नेली तर काय होईल? काही सवयी एका दिशेने निरुपद्रवी आणि उलट दिशेने घातक असतात, आणि आपली सगळी मेहनत त्या घातक दिशेवर खर्च व्हायला हवी.

इंधन हे याचे सगळ्यात मोठे उदाहरण आहे. १७२ चे पंख वर असल्याने इंधन गुरुत्वाकर्षणाने खाली येते आणि सिलेक्टरला डावी टाकी, उजवी टाकी आणि 'बोथ' अशा तीन जागा असतात. शिकताना तो 'बोथ' वर ठेवला की उड्डाणभर त्याची आठवणही येत नाही. आर्चरचे पंख खाली, टाक्या इंजिनापेक्षा खाली, म्हणून इंधन पंपानेच वर यावे लागते. आणि सिलेक्टरला डावी, उजवी आणि बंद एवढ्याच जागा आहेत. 'बोथ' नाही. वैमानिकाने घड्याळ पाहून, साधारण दर अर्ध्या तासाने, टाकी बदलायची असते, आणि बदलताना आधी इलेक्ट्रिक पंप चालू करायचा असतो. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळीही हा पंप चालूच असतो. आर्चरची सवय १७२ मध्ये आली तर आकाशात फारसे बिघडत नाही. १७२ ची सवय आर्चरमध्ये आली तर एक टाकी भरलेली असतानाही दुसरी कोरडी पडून इंजिन बंद पडू शकते. म्हणून कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत टाकी बदलण्याची वेळ लिहावी, टायमर लावावा, आणि इंजिन अडखळले तर पहिल्यांदा हात कुठे जायला हवा ते पाठ करावे. विमान सावरून ग्लाइडच्या (इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याच्या) वेगावर आणायचे, मग दुसरी टाकी, इलेक्ट्रिक पंप, मिक्श्चर रिच (मिश्रणात इंधन पूर्ण प्रमाणात), कार्ब हीट. १७२एस मध्ये कार्ब हीट नाही, पण फ्युएल शटऑफचा वेगळा नॉब आहे, आणि तो आत ढकललेला आहे ना ते पाहावे लागते.

जमिनीवर मात्र पंपाची सवय उलट दिशेने त्रास देते. आर्चरमध्ये स्टार्टरला हात लावण्याआधी पंप चालू करून तसाच ठेवतात. १७२एस मध्ये विजेचा मास्टर स्विच चालू, मिक्श्चर रिच आणि इंजिन बंद असताना पंप चालू राहिला तर इंधन थेट इंटेकमध्ये साचत जाते. मग फ्लड झालेले इंजिन सुरू करण्याची वेगळी कृती करत, बॅटरी खर्ची घालत, धावपट्टीऐवजी रॅम्पवर, विमान उभे असते तिथेच, वेळ जातो.

इंधनाच्या सिलेक्टरने काय होऊ शकते याची जगाला माहीत असलेली घटना मॉन्टेरे बेची आहे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझी हे होमबिल्ट विमान पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळले. डेन्व्हर यांच्याकडे २,७०० हून अधिक तासांचा अनुभव होता, पण हे विमान त्यांच्यासाठी नवे होते आणि त्यातले त्यांचे चेकआउटचे छोटे उड्डाण आदल्या दिवशीच झाले होते. विमान बांधणाऱ्याने सिलेक्टरची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. ती फिरवण्यासाठी वळताना नकळत उजवा रडर (शेपटीच्या सुकाणूचे पेडल) दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाने काढला. इंधन न भरता निघणे हेही कारणांत धरले, आणि नव्या विमानात जाताना घेतलेले अपुरे प्रशिक्षण व त्या प्रकारातील तोकडा अनुभव यांची नोंद केली. नवख्याने यातून एकूण तासांचा आकडा बाजूला ठेवावा. या विमानातले तास किती, एवढेच विचारावे.

फ्लॅपचा फरक लहान दिसतो, पण तोही दिशेचा आहे. १७२एस मध्ये विजेचा स्विच आहे: ११० नॉट्सच्या आत पहिले १० अंश, आणि त्यापुढचे सगळे ८५ च्या आत. आर्चरमध्ये दोन आसनांच्या मधे हातब्रेकसारखा दांडा आहे, त्याला १०, २५ आणि ४० असे तीन खटके आहेत, आणि तिन्हींसाठी मर्यादा १०२ नॉट्स. आर्चरमध्ये ९५ वर दुसरा खटका ओढायची सवय लागलेला वैमानिक १७२ मध्ये त्याच वेगाने २० अंश मागेल तर मर्यादा ओलांडेल. शिवाय स्विच दाबल्यावर फ्लॅप सावकाश सरकतात, तर दांडा सोडला की फ्लॅप झटक्यात वर जातात आणि विमान तितक्याच झटक्याने खाली बसू पाहते. गो-अराउंडच्या वेळी हे विसरणे म्हणजे प्राणाशी गाठ आहे.

इंजिन बंद पडल्यावरचा ग्लाइडचा वेग १७२एस साठी ६८ नॉट्स आणि आर्चरसाठी ७६ आहे. हे दोन आकडे कागदावर सगळ्यांत मोठे लिहावेत. बाकी गोष्टी लवकर आटपतात. १७२एस ला इंधन तपासण्यासाठी १३ ड्रेन आहेत, आर्चरला तीन. कार्ब्युरेटरच्या सेस्नात पॉवर कमी करण्याआधी कार्ब हीट लावण्याची रीत आहे, तर पायपरचे हँडबुक बर्फाची शंका आल्यावरच लावायला सांगते. पायपरच्याच जुन्या चेरोकीत ट्रिमची (कंट्रोलवरचा दाब हलका करण्याची) कळ डोक्यावर असते आणि ती कोणत्या बाजूला फिरवायची हे हवेत शोधण्यासारखे नाही.

कॅलिफोर्नियात एक जादा नोंद करावी लागते. सांता क्लारा काउंटीच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर जानेवारी २०२२ पासून शिसेयुक्त १००एलएल हे विमानाचे पेट्रोल विकणे बंद झाले, आणि शिसेविरहित ९४यूएल प्रत्येक इंजिनाला चालत नाही. आपल्या क्लबातल्या एका विमानाला जे चालते ते दुसऱ्याला चालेलच असे धरू नये. विमानाच्या कागदपत्रांत मंजुरी आहे का ते पाहूनच पंपाकडे जावे.

चौथी पायरी: इंजिन बंद ठेवून कॉकपिटमध्ये बसा

हा टप्पा फुकट आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण तो गाळतात. क्लबला विचारून विमान रिकामे असताना त्यात बसावे, आसन उड्डाणाच्या स्थितीत सरकवावे, पट्टे बांधावेत आणि चेकलिस्ट हाताने चालवावी. डोळे मिटून हात सिलेक्टरवर, पंपाच्या स्विचवर, ट्रिमवर, फ्लॅपवर आणि मिक्श्चरवर न चाचपडता गेला पाहिजे. १७२ मध्ये सिलेक्टर मधे खाली जमिनीजवळ आहे. आर्चरमध्ये तो डाव्या भिंतीवर, गुडघ्याशी आहे, आणि बंद स्थितीत नेण्यासाठी वेगळा खटका दाबावा लागतो. तो खटका न दाबता सिलेक्टर डावीकडून उजवीकडे कसा फिरतो ते बोटांना कळेपर्यंत फिरवून पाहावे आणि शेवटी होता तिथे आणून ठेवावा.

दाराकडेही लक्ष द्यावे. आर्चरला एकच दार आहे आणि ते उजवीकडे, म्हणजे वैमानिक आधी आत जातो आणि शेवटी बाहेर येतो. दाराला दोन कड्या असतात, एक बाजूला आणि एक वर. वरची नीट न लागल्यास टेकऑफनंतर दार फटीपुरते उघडते आणि कानठळ्या बसवणारा आवाज येतो. विमान उडत राहते. दचकून दाराकडे झेपावणारा वैमानिक हा खरा धोका असतो. सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा) पूर्ण करून उतरावे आणि दार जमिनीवर लावावे. सक्तीच्या लँडिंगआधी दाराची कडी कोणी आणि कधी काढायची हे पुढच्या उजव्या आसनावरील प्रवाशाला आधी समजावणे आर्चरमध्ये अत्यावश्यक आहे. १७२ मध्ये आपल्या बाजूला स्वतःचे दार असते, त्यामुळे हे कधी बोललेच जात नाही. आई उजवीकडे बसणार असेल तर तिला मराठीत, तिच्याकडून एकदा कडी उघडून-लावून घेऊनच सांगावे.

पाचवी पायरी: इन्स्ट्रक्टरबरोबरचे उड्डाण

क्लबचे चेकआउट एका तासात तीन लँडिंग करून उरकता येते, आणि इन्स्ट्रक्टर ओळखीचा असेल तर तो तसे उरकूनही देतो. तसे मागू नये. निघण्याआधी त्याला फरकांचा कागद दाखवावा आणि कोणत्या सवयींची भीती वाटते ते सांगावे. उंची घेऊन आधी स्लो फ्लाइट, मग पॉवरसह आणि पॉवरविना स्टॉल (पंखांची उचल तुटणे), वेगवेगळ्या फ्लॅपसह करावेत. प्रत्येक विमान स्टॉलआधी काय सांगते ते हाताला कळणे हा उद्देश असतो. आर्चरचा स्टॉल बहुधा इतका सौम्य असतो की नाक फारसे पडत नाही, विमान नुसते खाली बसत जाते, आणि उंची किती गेली हे नवख्याच्या ध्यानातच येत नाही.

त्यानंतर उंचीवरच गो-अराउंडचा सराव करावा. १७२एस मध्ये पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप २० वर, ६० नॉट्सने चढण, आणि अडथळे ओलांडल्यावर बाकीचे फ्लॅप वर. आर्चरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्यावर दांडा एकेक खटका, हातात धरून, चढणीचा वेग मिळत जाईल तसा खाली सोडायचा. हे पाच-सहा वेळा हवेत केल्यावरच सर्किटमध्ये यावे.

लँडिंगमध्ये फरक डोळ्यांना जाणवतो. आर्चरमध्ये पंख जमिनीजवळ असल्याने ग्राउंड इफेक्ट, म्हणजे जमिनीलगत विमान तरंगत राहणे, अधिक जाणवतो. फाइनलवर पूर्ण फ्लॅपसह ६६ नॉट्सऐवजी ७५ ठेवले तर ते धावपट्टीचा मोठा तुकडा तरंगत पार करते. सेस्नातून आलेला वैमानिक बसण्याची उंची जास्त धरून लवकर फ्लेअर करतो, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलतो. क्रॉसविंडमध्ये दाबलेला रडर नोजव्हील टेकण्याच्या क्षणी सोडायला विसरला, तर पायपर अधिक तीव्रपणे वळते. म्हणून चेकआउटसाठी अगदी शांत हवेचा दिवस निवडू नये. थोडा आडवा वारा असताना, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, हे अनुभवून घेणे फायद्याचे असते. शेवटी इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवावे की त्याने सर्किटमध्ये पूर्वसूचना न देता पॉवर काढावी, आणि आपण ७६ नॉट्स धरतो की ६८, ते पाहावे.

एफएएने अनोळखी विमानात जाणाऱ्यांसाठी ९०-१०९ए हे परिपत्रक काढले आहे आणि ते मोफत मिळते. इन्स्ट्रक्टरबरोबरचा अभ्यासक्रम ठरवताना ते समोर ठेवावे.

सहावी पायरी: आधी एकट्याने, मग माणसांसह

चेकआउटवर सही झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी तीन जण घेऊन निघावे असे नाही. ९० दिवसांची अट प्रवाशांसाठी आहे. एकट्याने उडायला ती आड येत नाही, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. नव्या विमानातले पहिले उड्डाण एकट्याने, दिवसा, ओळखीच्या विमानतळावर, तासाभराचे असावे. दुसरे, जवळच्या अनोळखी विमानतळावर जाऊन परत येण्याचे. या दोन्हींत टाक्या स्वतः वेळेवर बदलल्या गेल्या, चेकलिस्ट न अडखळता चालली आणि लँडिंग ठरवलेल्या जागी झाले, तर तिसऱ्याला माणसे घ्यावीत. आई-बाबांच्या परतीच्या विमानाची तारीख जवळ आली आहे हे कारण या क्रमात बसत नाही. गोल्डन गेटचा फेरा सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लास बी हवाईक्षेत्राच्या (मोठ्या विमानतळाभोवतीच्या कडक नियंत्रणाच्या क्षेत्राच्या) अंगाखांद्यावरून जातो, रेडिओ सतत बोलत असतो, आणि अशा ठिकाणी अर्धे लक्ष सिलेक्टर शोधण्यात जाणे परवडत नाही.

जुन्या विमानात परतण्याचेही असेच आहे, किंबहुना तिथे काळजी अधिक घ्यावी. नव्या विमानात माणूस सावध असतो. चार महिने आर्चर उडवून १७२ मध्ये परतताना तो चेकलिस्टकडे पाहतही नाही, कारण हे तर आपले विमान. पहिली खेप एकट्याने, फरकांचा तोच कागद उलट्या बाजूने वाचून करावी.

सातवी पायरी: दोन्ही हात सरावात ठेवणे

महिन्याला दोन-तीन तास उडणाऱ्याने एक विमान मुख्य आणि एक दुय्यम असे ठरवावे. दर खेपेस बदल करण्यापेक्षा सलग तीन-चार उड्डाणे मुख्य विमानात आणि मग एक दुय्यममध्ये, असा क्रम माझ्या अनुभवात बरा पडतो; रोज बदल झाला की कुठलीच सवय मुरत नाही. दुय्यम विमानातले उड्डाण फिरायला जाण्यात घालवू नये. त्याच्या पानावरची जी तारीख सर्वांत शिळी असेल ते काम करावे, मग ते रात्रीचे लँडिंग असो की पॉवर काढून केलेला उतार. घरच्या सिम्युलेटरवर कृतींचा क्रम आणि पडद्यावरची बटणे पक्की होतात, पण तिथली लँडिंग ९० दिवसांच्या हिशेबात धरली जात नाहीत.

ज्यांची झेप मोठी आहे, त्यांनी हे सगळे दुप्पट धरावे. १८२ चे नाक जड असते आणि फ्लेअरला ट्रिम नीट नसेल तर नोजव्हील आपटते. शिवाय प्रोपेलरचा तिसरा दांडा हाताळायचा असतो. सिरसमध्ये नोजव्हील मोकळे फिरते, वळायचे ते एकेका चाकाच्या ब्रेकने, आणि सेस्नाची सवय असलेला पाय ब्रेकवर ठेवूनच टॅक्सी करतो, त्यामुळे ब्रेक तापतात. सिरसमध्ये पूर्ण विमानासाठीच असलेले पॅराशूट कोणत्या उंचीपर्यंत उपयोगी आहे ते त्या मॉडेलच्या हँडबुकातून पाठ करून ते टेकऑफआधी मोठ्याने म्हणावे. सिरसने स्वतः आखलेला ट्रान्झिशनचा, म्हणजे दुसऱ्या विमानातून सिरसवर येण्याचा, अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण न करता, मित्राच्या शब्दावर ते विमान घेऊ नये.

तिसरा प्रकार जोडण्याआधी दुसऱ्याचे पान उघडून पाहावे. त्यावरच्या दोनहून अधिक तारखा ९० दिवसांपलीकडे गेलेल्या असतील तर आपल्याकडे वेळ आणि पैसा एकाच विमानाचा आहे. अशा वेळी दुय्यम विमानाच्या चेकआउटची मुदत संपू द्यावी, क्लबला तसे कळवावे, आणि पुन्हा गरज लागली की चौथ्या पायरीपासून सुरुवात करावी.